बिडाच्या तव्यावरची ताल्याता : मटणाचा हलका इटालियन बेत, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रविवारचे मटण म्हटले की सोलापुरात डोळ्यांसमोर येते ती काळ्या मसाल्याची तर्री, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण आणि ताटात चुरलेली भाकरी. त्या जेवणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. परंतु ते दुपारचे जेवण आहे, आणि त्यानंतर दोन तास आडवे होण्याची सोय असेल तरच ते खरे अंगी लागते. रात्री आठ वाजता, उन्हाने तापलेल्या स्लॅबखाली बसून मटण खायचे असेल, तर दुसरा मार्ग शोधावा लागतो. इटलीतील तोस्काना प्रांतात लोकप्रिय असलेला ‘ताल्याता’ हा प्रकार त्यासाठी उत्तम आहे. इटालियन भाषेत ‘ताल्यारे’ म्हणजे कापणे आणि ‘ताल्याता’ म्हणजे कापलेली. मांसाचा जाड तुकडा कडक तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग तिरक्या पातळ कापांत चिरून तिखटसर हिरव्या पाल्यावर मांडायचा आणि वर लिंबू व ऑलिव्ह तेल शिंपडायचे, एवढाच हा पदार्थ आहे.

इटलीत तो गोमांसाचा करतात. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही, पण आपल्याकडच्या बहुतेक मांसाहारी घरांत शिजते ते बोकडाचे मटण, म्हणून हा लेख त्याच्याच आधाराने लिहिला आहे. बोकडाचे मांस मुळातच कमी चरबीचे असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार ८५ ग्रॅम भाजलेल्या शेळीच्या मांसात चरबी अवघी २.६ ग्रॅम आणि उष्मांक सुमारे १२२ असतात. आपल्या रश्श्याला जडपणा येतो तो मुख्यतः तेल आणि खोबरे यांमुळे. या बेतात माणशी १५० ग्रॅम हाड काढलेले कच्चे मटण आणि एक मोठा चमचा तेल एवढेच धरले आहे. बाकीचे ताट पाला, चवळी आणि भाकरी यांनी भरते. पुढील सर्व प्रमाण चार माणसांसाठी आहे.

आठवडाभर आधी : आळीव पेरणे

पहिली पायरी मटणाच्या दुकानात सुरू होत नाही. ताल्याताखाली जो पाला घालतात तो रुकोला. चवीला तिखट, किंचित कडवट आणि मोहरीच्या कुळातला. उत्तर भारतात ज्याच्या बियांचे तेल काढतात तो तारामिरा म्हणजे हीच वनस्पती. सोलापुरात रुकोलाची जुडी सहजासहजी मिळत नाही आणि ऑनलाइन मागवलेली येईपर्यंत या उन्हात मान टाकते. त्याऐवजी बाळंतिणीच्या लाडवांसाठी आपण जे आळीव आणतो, तेच घरी उगवावेत. तेही मोहरीच्याच कुळातले असून त्यांचा कोवळा पाला रुकोलासारखाच नाकात झणझणतो.

एका पसरट ताटलीत सुती कापडाची दुहेरी घडी ओली करून घालावी आणि तिच्यावर तीन चहाचे चमचे आळीव विरळ पसरावेत. ते वाटीत भिजत घालू नयेत, कारण पाणी लागताच त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते आणि मग ते एकमेकांपासून सुटत नाहीत. पहिले दोन दिवस वर दुसरे ताट झाकावे, नंतर खिडकीच्या उजेडात ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचेही एक शिंपण लागते, नाहीतर कापड पापडासारखे कडक होते. सात-आठ दिवसांत पाला बोटभर उंच होतो आणि कात्रीने कापता येतो.

आळीव पेरायचे राहून गेले, तर मुळ्याची अगदी आतली कोवळी पाने बारीक चिरून वापरावीत, आणि त्यांचा उग्रपणा मोडण्यासाठी पावसाळ्यात मिळणारी घोळ कच्चीच त्यांत मिसळावी. घोळीचा आंबटपणा इटलीतल्या लोकांनाही परिचित आहे. तेही ती कच्ची खातात.

मटण घेताना

येथे सर्वांत अधिक लक्ष द्यावे, कारण बाकीचे सारे दुरुस्त करता येते, चुकीचे मटण मात्र दुरुस्त होत नाही. कोवळ्या, लहान बोकडाच्या मागच्या मांडीचा, म्हणजे पुठ्ठ्याचा, एकसंध भाग मागावा. हाडासकट सव्वा किलो घेतले की साफ केल्यानंतर साधारण ६०० ते ७०० ग्रॅम स्वच्छ मांस हाती येते. दुकानदाराचा हात सवयीने लगेच तुकडे करू लागतो, म्हणून वजन करण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

“मामा, पुठ्ठा अख्खा द्या. फक्त हाड काढा, तुकडे करू नका.”

“अख्खं? मग शिजणार कसं ते?”

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच या पदार्थाचे सारे गमक आहे. आपले मटण तासभर शिजते, त्यामुळे स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट कोलॅजन विरघळतो आणि रस्सा चिकटसर होतो. म्हणून तिथे खांदा, नळी, सीना असे सगळे चालते, किंबहुना तेच अधिक चांगले लागते. ताल्याताला मात्र तव्यावर दहा मिनिटेही मिळत नाहीत. तेवढ्या वेळात कोलॅजन विरघळणे शक्य नसते, म्हणून जिथे तो मुळात कमी आहे असा भाग निवडायचा आणि जो उरेल तो सुरीने हाताळायचा. काढलेली हाडे मात्र मागून घ्यावीत. त्यांचा उपयोग शेवटी सांगितला आहे.

दुसरा मुद्दा ताजेपणाचा. ‘सकाळीच कापलंय’ ही आपल्याकडे मटणाची सर्वांत मोठी पावती मानली जाते, परंतु या पदार्थासाठी ती अडचण ठरते. जनावर कापल्यानंतर काही तासांत स्नायूंमधली ऊर्जा संपते, तंतू एकमेकांत अडकतात आणि मांस ताठरते. थंड ठेवल्यास मांसातलीच विकरे हे तंतू सावकाश सैल करतात आणि एक-दीड दिवसाने तेच मांस मऊ पडते. म्हणून रविवारी रात्रीचा बेत असेल, तर मटण शनिवारी सकाळी आणावे. (शनिवार पाळणाऱ्या घरात ते शुक्रवारी आणून, घट्ट डब्यात बंद करून, कोणाच्या दृष्टीस न पडेल अशा खालच्या कप्प्यात ठेवण्याचे कौशल्य ज्याने त्याने आपापले अंगी बाणवावे.) फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. दिवसात अनेक तास वीज जाणाऱ्या भागात हा प्रयोग उन्हाळ्यात करू नये.

मी स्वतः पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा या दोन्ही चुका केल्या होत्या. सकाळी आणलेले सीन्याचे मटण संध्याकाळी पातळ नॉनस्टिक तव्यावर एकदम सगळे टाकले. त्याला इतके पाणी सुटले की ते भाजण्याऐवजी उकडले, आणि जेवताना घरातल्यांनी पंधरा मिनिटे मुकाट्याने चावण्याचा व्यायाम केला. मग माझ्या सासऱ्यांनी ताट बाजूला सारून शेंगाचटणी मागितली.

साफ करणे आणि मीठ लावणे

घरी आणल्यावर पुठ्ठा पाटावर ठेवून नीट निरखावा. तो एकच गोळा नसून तीन-चार मोठ्या स्नायूंची मोट असते आणि त्यांच्यामध्ये पांढरट पापुद्र्याच्या शिवणी दिसतात. या शिवणींमध्ये बोट घालून सुरीच्या टोकाने हलकेच मोकळे करत गेल्यास स्नायू अलग होतात. जोर लावावा लागत असेल, तर आपण शिवण सोडून मांसच कापत आहोत असे समजावे. प्रत्येक स्नायूवरचा चंदेरी, चिवट पापुद्रा काढून टाकावा, कारण तो भाजताना आकसतो आणि तुकड्याला वाकडे करतो. अडीच ते तीन सेंटिमीटर जाडीचे तळहाताएवढे चार तुकडे करावेत. फार जाड झालेला स्नायू मधोमध पुस्तकासारखा उघडून घेतला तरी चालतो.

आता एक बारीकसे काम, जे पुढे फार उपयोगी पडते. कच्च्या मांसात तंतूंची दिशा स्पष्ट दिसते, भाजल्यानंतर ती दिसत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या एका कोपऱ्याला, तंतूंना काटकोनात, सुरीने एक छोटी खाच पाडून ठेवावी. नंतर कापताना सुरी त्या खाचेला समांतर धरायची.

६०० ग्रॅम मांसाला ६ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, बारीक मीठ सर्व बाजूंनी चोळावे आणि तुकडे जाळीवर किंवा उलट्या चाळणीवर ठेवून, खाली ताटली देऊन, रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवावेत. मीठ आधी पाणी बाहेर ओढते, मग तेच खारे पाणी परत आत मुरते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. रात्रभर जमणार नसेल, तर किमान पाऊण तास आधी लावावे किंवा थेट तव्यावर टाकताना लावावे; मधल्या दहा-पंधरा मिनिटांत पाणी नेमके पृष्ठभागावर आलेले असते, आणि ओले मांस भाजत नाही. हळद, आले-लसूण, गरम मसाला यांतले काहीही लावू नये. हात शिवशिवतो हे मान्य आहे, पण कडक तव्यावर वाटण जळून कडू होते.

कच्च्या पपईबद्दल हमखास विचारले जाते. मटण जून निघाल्याची शंका असेल, तर तिचा एक चहाचा चमचा कीस तुकड्यांना चोळून अर्ध्या तासाने पूर्ण पुसून काढावा. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास वरचा थर पिठूळ होतो. मी स्वतः ती वापरत नाही.

चवळी आणि डाळिंबाचा पाक

इटालियन जेवणात मांसाच्या ताटासोबत भाजी किंवा कडधान्य वेगळे येते, त्याला ‘कोंतोर्नो’ म्हणतात. तोस्कानाचे लोक शेंगदाण्यावाचून सोलापूरकर राहत नाही तसे पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांवाचून राहत नाहीत. इतर इटालियन त्यांना थट्टेने ‘घेवडाखाऊ’ म्हणतात. तो घेवडा मूळचा अमेरिका खंडातला, सोळाव्या शतकात युरोपात पोचलेला. त्यापूर्वी तिकडे खाल्ली जात होती ती डोळ्याची चवळी, जी आपल्या प्रत्येक किराणा दुकानात मिळते. दीडशे ग्रॅम चवळी चार तास भिजवून, ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या घालून, साध्या पातेल्यात मऊ पण अखंड राहील अशी शिजवावी. मीठ शेवटी घालावे. पाणी निथळून ती कोमट असतानाच एक चमचा ऑलिव्ह तेल, मिरपूड आणि बारीक चिरलेला लहान कांदा मिसळावा.

इटलीत ताल्यातावर अनेकदा बाल्सामिक व्हिनेगर शिंपडतात; तो द्राक्षांचा रस आटवून, मुरवून करतात. खरा जुना बाल्सामिक अतिशय महाग असतो आणि स्वस्त बाटल्यांत बहुधा रंग आणि साखरच अधिक असते. आपल्या जिल्ह्यात भगवा डाळिंबाचे मळे असताना त्या बाटलीच्या मागे लागू नये. एक वाटी ताजा डाळिंबाचा रस आणि दोन चहाचे चमचे साधे व्हिनेगर मंद आचेवर आटवावे. पंधरा-वीस मिनिटांत तीन-चार चमचे गडद, चमच्याला लपेटणारा पाक उरतो. रस मिक्सरमध्ये फार फिरवू नये, बिया भरडल्या गेल्यास कडवटपणा उतरतो. हा पाक बाल्सामिक नव्हे आणि त्याने तसे असल्याचा आवही आणू नये. आंबटगोड थेंबांचे काम मात्र तो चोख करतो.

साल्मोरील्यो : न शिजवलेली चटणी

हलकेपणा खरा येतो तो येथे. लोणी किंवा क्रीमच्या सॉसऐवजी दक्षिण इटलीत, विशेषतः सिसिलीत, भाजलेल्या मासळीवर आणि मांसावर ‘साल्मोरील्यो’ घालतात. तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा कोमट पाणी वाटीत काट्याने फेटत राहावे, म्हणजे मिश्रण दुधाळ होते. इटलीतल्या लिंबांपेक्षा आपले कागदी लिंबू अधिक जहाल असते, म्हणून रसाचे प्रमाण येथे कमी ठेवले आहे. त्यात अगदी बारीक ठेचलेली एक लसूणपाकळी, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा ओरेगानो घालावा. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतातच, त्या चालतील. परंतु कुंडीत पानओवा असेल, तर त्याची दोन पाने अगदी बारीक चिरून घालून पाहावीत. ओरेगानो आणि पानओवा या दोहोंच्या वासामागे कार्व्हाक्रोल नावाचा एकच घटक आहे, आणि ताजे पान पुडीपेक्षा नेहमीच सरस ठरते.

तवा

बिडाचा जड तवा सर्वांत योग्य, कारण थंड मांस पडले तरी त्याची उष्णता खचत नाही. नॉनस्टिक भांडे रिकामे इतके तापवू नये. मटण फ्रिजमधून वीस मिनिटे आधी काढावे, अधिक नाही. बाहेर चाळीस अंश असताना कच्चे मांस ओट्यावर विसरणे धोक्याचे आहे. तुकडे कोरड्या फडक्याने दाबून टिपावेत. सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही, परंतु टेरी टॉवेलचे धागे मांसाला चिकटतात. जुना, धुतलेला सुती पंचा या कामाला अधिक बरा.

खिडकी उघडावी, एक्झॉस्ट पंखा लावावा, कारण धूर होणार आहे. तवा मध्यम-मोठ्या आचेवर पाच मिनिटे तापवावा; पाण्याचा थेंब टाकल्यावर तो न पसरता मण्यासारखा पळू लागला की तवा तयार झाला. तेल तव्यात ओतू नये, मांसालाच चोळावे. चार तुकड्यांना दोन चहाचे चमचे रिफाइंड करडई तेल पुरते. ऑलिव्ह तेल येथे वाया घालवू नये, त्याचा सुवास एवढ्या उष्णतेत टिकत नाही.

एका वेळी दोनच तुकडे ठेवावेत. चर्र असा आवाज यायला हवा आणि तो येतच राहायला हवा. आवाज बसका होऊन बुडबुडे दिसू लागले, तर तवा थंड पडला आहे, आच वाढवावी. दोन मिनिटे तुकड्याला हात लावू नये. पृष्ठभागावरचे पाणी उडून तापमान १४० अंशांच्या आसपास गेल्यावरच तो खमंग तपकिरी रंग धरतो, आणि रंग धरला की तुकडा आपोआप तव्यापासून सुटतो. मग पलटावा आणि त्यापुढे दर मिनिटाला पलटत राहावे. अडीच सेंटिमीटर जाडीला एकूण सहा ते सात मिनिटे लागतात. शेवटी कडाही चिमट्याने उभ्या धरून भाजाव्यात.

झाले की नाही हे बोटाने दाबून ओळखणारे लोक असतात. नवख्याने त्यांचे ऐकू नये आणि स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, तो काही शे रुपयांत मिळतो. त्याचे टोक बाजूने तुकड्याच्या मध्यभागी खुपसावे. ६३ अंश सेल्सिअस झाले की उतरवून किमान तीन मिनिटे ठेवावे. अखंड तुकड्यासाठी ही मर्यादा सुरक्षित मानली जाते. आत फिकट गुलाबी रंग राहतो. घरात गर्भवती, लहान मूल किंवा आजारी व्यक्ती असल्यास तिचा तुकडा ७१ अंशांपर्यंत न्यावा आणि अधिक पातळ कापावा. गुलाबी मटण पाहून कोणी नाक मुरडल्यास वाद घालू नये, त्यांचाही तुकडा आणखी दोन मिनिटे तव्यावर ठेवावा.

विसावा आणि काप

उतरवलेले तुकडे कोमट ताटलीत पाच-सहा मिनिटे सैल झाकून ठेवावेत. लगेच कापल्यास रस पाटावर वाहून जातो. ताटलीत जो थोडा रस जमेल तो टाकू नये, साल्मोरील्योच्या वाटीत ओतावा.

आता ती खाच शोधावी. चादरीचे ताणे आडवे कापले की लांब धाग्याचे बोटभर तुकडे होतात आणि कापड हातात विरते, तसेच मांसाचे आहे. सुरी तंतूंना आडवी, किंचित तिरकी धरून पाच मिलिमीटरचे काप करावेत. मग दातांना तोडायला लांब तंतू उरतच नाही. हाच तुकडा तंतूंच्या दिशेने कापला, तर उत्तम भाजलेले मटणही वादीसारखे लागते. सुरी आधी नीट पाजळून घ्यावी. काप करताना मांस चिवट किंवा कोरडे निघाल्याचे लक्षात आले, तरीही बेत वाया जात नाही: अगदी बारीक पट्ट्या करून, चिरलेल्या टोमॅटोबरोबर गरम तव्यावर अर्धा मिनिट परतून पाल्यात मिसळाव्यात. रोममध्ये अशा पट्ट्यांचा एक वेगळा पदार्थच आहे, ‘स्त्राचेत्ती’, म्हणजे शब्दशः चिंध्या. पाहुण्यांना हेच नाव सांगावे.

वाढणे

मोठ्या ताटात आधी आळिवाचा पाला, त्यावर मटणाचे काप एकमेकांवर थोडे चढतील असे, वरून साल्मोरील्यो, मिरपूड आणि डाळिंबाच्या पाकाचे मोजके थेंब. पारमेजान चीज मिळाले तर सोलाण्याने त्याचे चार-पाच पातळ पापुद्रे काढावेत. नसल्यास काही अडत नाही, आणि डब्यातले प्रक्रिया केलेले चीज किसून घालण्यापेक्षा नसलेले बरे. बाजूला चवळी.

पावाच्या जागी मात्र मी कडक भाकरी ठेवतो. सार्डिनियातले मेंढपाळ रानात जाताना ‘पाने कारासाऊ’ नावाची दोनदा भाजलेली, कागदासारखी पातळ, महिनोन्‌महिने टिकणारी भाकरी बरोबर नेत. आपली मालदांडी ज्वारीची कडक भाकरी तिच्या जातकुळीतली नसली तरी स्वभावाने तिची सख्खी बहीण आहे. तिचा तुकडा ताटातल्या लिंबू-तेलाच्या रसात क्षणभर टेकवून, अर्धा कुरकुरीत असतानाच खावा.

राहिली ती हाडे आणि साफ करताना निघालेले तुकडे. पाहुणे हात धूत असतानाच ती कुकरमध्ये हळद, मीठ, आले आणि दीड लिटर पाणी घालून मंद आचेवर चढवावीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अळणी रश्श्यात काळा मसाला घालायचा की नाही, हे घरच्यांनी ठरवावे.